सूर्याची वादळे आणि अलिबागची चुंबकसुई

पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र वरवर स्थिर वाटते. होकायंत्राची सुई दिवसभर पाहत बसले तरी साध्या डोळ्यांना ती हललेली दिसत नाही. पण बारीक मोजमाप करणाऱ्या उपकरणांसमोर हे क्षेत्र क्षणभरही स्वस्थ नसते. अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत क्षेत्राचा आडवा घटक सुमारे 38 हजार नॅनोटेस्ला भरतो. अगदी शांत दिवशीही तो सकाळपासून चढत जातो, दुपारच्या सुमारास दोन आकडी नॅनोटेस्लांनी वाढतो आणि सूर्य कलला की पूर्वपदावर येतो. काही दिवशी मात्र तो अचानक उसळतो, मग काही तासांत शंभर, दोनशे, कधी चारशे नॅनोटेस्लांनी खाली कोसळतो आणि सावरायला त्याला दोन-तीन दिवस लागतात. यालाच चुंबकीय वादळ म्हणतात. रोजचा चढउतार आणि अधूनमधून येणारी ही वादळे, दोन्हींचे मूळ पंधरा कोटी किलोमीटर दूर असलेल्या सूर्यात आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. पृथ्वीचे मुख्य क्षेत्र तिच्या बाह्य गाभ्यातील वितळलेल्या लोहाच्या हालचालींतून निर्माण होते. त्या कारखान्यापर्यंत सूर्याचा हात पोहोचत नाही. ध्रुवांचे सरकणे किंवा शतकानुशतके होणारे बदल हा सगळा गाभ्याचा व्यवहार आहे. सूर्यामुळे पृथ्वीभोवतीच्या अवकाशात आणि वातावरणाच्या वरच्या थरांत विद्युतप्रवाह वाहू लागतात. त्या प्रवाहांचे चुंबकीय क्षेत्र मूळ क्षेत्रात मिसळते किंवा त्यातून वजा होते. मोठ्या वादळातही ही भर किंवा घट मूळ क्षेत्राच्या शेकडा एक-दोन इतकीच असते. पण ती झपाट्याने होते आणि तिचा उपद्रव आकारात नसून या झपाट्यात असतो.

सुई हलते हे कळायला माणसाला फार वेळ लागला नाही. ती का हलते हे कळायला मात्र दोन शतके गेली. लंडनचे घड्याळजी जॉर्ज ग्रॅहम यांना 1722 मध्ये सुईचा रोजचा हेलकावा आढळला. 5 एप्रिल 1741 रोजी उप्साला येथे सेल्सियस आणि त्यांचे सहकारी हिओर्टर यांना सुई विलक्षण अस्वस्थ झालेली दिसली. त्याच दिवशी लंडनमध्ये ग्रॅहम यांनीही तशीच नोंद केली. इतक्या अंतरावरच्या दोन सुया एकाच वेळी थरथरतात, म्हणजे कारण स्थानिक नाही, हे तेव्हाच उघड झाले. ध्रुवीय प्रकाश दिसतो तेव्हा सुई हलते, हेही हिओर्टर यांनी टिपले. ‘चुंबकीय वादळ’ हा शब्दप्रयोग पुढे हुंबोल्ट यांनी रूढ केला. 1830 च्या दशकात गाउस आणि वेबर यांनी गटिंगेन येथून अनेक देशांत एकाच वेळी निरीक्षणे घेण्याची मोहीम उभी केली आणि ब्रिटिशांनी आपल्या वसाहतींत वेधशाळांची साखळी विणली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत 1841 मध्ये चुंबकीय निरीक्षणे सुरू झाली ती या लाटेवर.

दुवा जुळला तो दोन वेगळ्याच वह्यांमुळे. जर्मनीतील देसाउ गावचे औषधविक्रेते हाइनरिख श्वाब वर्षानुवर्षे रोज सूर्यावरील डाग मोजत होते. डागांची संख्या साधारण दहा वर्षांच्या आवर्तनाने वाढते-घटते, असे त्यांनी 1840 च्या दशकात जाहीर केले. इकडे एडवर्ड सॅबिन टोरांटो आणि होबार्ट येथील चुंबकीय नोंदी चाळत होते. सुईची अस्वस्थताही नेमक्या त्याच तालावर चालते, हे त्यांनी 1852 मध्ये दाखवून दिले. आज हे सौरचक्र सरासरी अकरा वर्षांचे धरले जाते. परस्परांना न ओळखणाऱ्या दोघांच्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या आकड्यांनी सूर्य आणि पृथ्वी यांना प्रथम एका सूत्रात बांधले. या विद्येत अशा चिकाटीचे मोल कोणत्याही एका चमकदार कल्पनेपेक्षा कमी नाही.

त्यानंतर सातच वर्षांनी सूर्याने स्वतःच पुरावा दिला. 1 सप्टेंबर 1859 रोजी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन डागांच्या एका मोठ्या समूहाचे चित्र काढत होते. त्या समूहावर त्यांना दोन झगझगीत पांढरे ठिपके उमटून काही मिनिटांत विरलेले दिसले. रिचर्ड हॉजसन यांनीही स्वतंत्रपणे तेच पाहिले. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेतील छायाचित्रणाने होणाऱ्या नोंदीत त्याच क्षणी हुकासारखा छोटासा बाक उमटला होता. सुमारे साडेसतरा तासांनी जगभरच्या सुया बेभान झाल्या. क्युबा, हवाई अशा उष्ण प्रदेशांतून लाल ध्रुवीय प्रकाश दिसला. अमेरिकेत बॉस्टन ते पोर्टलंड तारमार्गावर बॅटऱ्या काढून ठेवूनही, जमिनीतून तारेत शिरलेल्या प्रवाहावर संदेश धाडता आले.

त्या वादळाची उष्ण कटिबंधातील सर्वांत मोलाची नोंद कुलाब्याची आहे. वेधशाळेत तेव्हा ग्रब यांनी बनवलेली चुंबकमापके होती. छायाचित्रणाची सोय नव्हती, निरीक्षकाला दर तासाला स्वतः आकडा वाचून वहीत टिपावा लागे. गडबड दिसली की वाचन दर पंधरा, कधी दर पाच मिनिटांनी घ्यायचे, असा शिरस्ता होता. 2 सप्टेंबरच्या सकाळी हाच शिरस्ता कामी आला. आकडे आधी वर उसळले, मग दीड-दोन तासांत आडवा घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी खाली गेला आणि जवळपास तेवढ्याच वेगाने पुष्कळसा वरही आला. तासाच्या वाचनावर थांबले असते तर या टोकाचा नेमका तळ हातातून निसटला असता. या वह्या शतकाहून अधिक काळ तशाच राहिल्या. 2003 मध्ये ब्रूस त्सुरुतानी आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना, एस. अ‍ॅलेक्स आदींनी त्या आकड्यांच्या आधारे वादळाची तीव्रता मांडली आणि जगभरचे लक्ष कुलाब्याकडे वळले.

सूर्याचा सुईवर परिणाम होतो हे मान्य झाले, तरी तो इतक्या दुरून होतो कसा, हा प्रश्न होता. लॉर्ड केल्विन यांनी 1892 मध्ये हिशेब मांडून सूर्याची अशी थेट चुंबकीय क्रिया अशक्य ठरवली. सूर्याला चुंबक मानून त्याने सर्व दिशांना सारखी शक्ती फेकायची, तर एका वादळासाठी लागणारी ऊर्जा खरोखरच अवाक्याबाहेरची होती. हिशेब चुकीचा नव्हता, गृहीतक चुकीचे होते. ग्रीनिचचे वॉल्टर माउंडर यांनी 1904 मध्ये दाखवले, की पुष्कळ वादळे सुमारे 27 दिवसांनी परत येतात, म्हणजे पृथ्वीवरून दिसणाऱ्या सूर्याच्या एका फेरीइतक्या काळाने. यातून सूर्याच्या ठरावीक भागातून अरुंद झोत निघतात, दिव्यासारखा चौफेर उजेड नव्हे, ही कल्पना पुढे आली. नॉर्वेत क्रिस्टियान बर्कलँड यांनी निर्वात पेटीत चुंबकीय गोळ्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करून ध्रुवांभोवती प्रकाशाची वलये उमटवून दाखवली. सिडनी चॅपमन आणि विन्सेंझो फेरारो यांनी 1930-31 मध्ये विद्युतभारित वायूचा ढग पृथ्वीच्या क्षेत्रावर आदळला तर तो क्षेत्राला दाबेल आणि आत पोकळी राहील, असे गणित केले.

धूमकेतूंची एक शेपटी नेहमी सूर्यापासून दूर का वळते, याचा विचार करताना लुडविग बिअरमान यांनी 1951 मध्ये सूर्याकडून कणांचा अखंड झोत येत असावा असे म्हटले. युजीन पार्कर यांनी 1958 मध्ये या ‘सौरवाऱ्या’चा सिद्धान्त मांडला. सूर्याभोवतीचे प्रभामंडल दहा लाख अंशांहून अधिक तापलेले आहे, ते जागच्या जागी राहूच शकत नाही, ते सतत बाहेर वाहते, हा त्याचा गाभा. समीक्षकांनी लेख फेटाळण्याची शिफारस केली होती. नियतकालिकाचे संपादक सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनाही निष्कर्ष पटला नव्हता, पण गणितात चूक सापडेना म्हणून त्यांनी तो छापला. संपादकीय प्रामाणिकपणाचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल. 1962 मध्ये शुक्राकडे निघालेल्या मरिनर-2 यानाने हा वारा वाटेत अखंड मोजला.

पृथ्वीजवळ सौरवाऱ्याचा वेग साधारण सेकंदाला 300 ते 800 किलोमीटर असतो आणि एका घनसेंटिमीटरमध्ये जेमतेम पाचसात प्रोटॉन. आपल्या हवेच्या तुलनेत तो निर्वातच. तरी सूर्याकडील बाजूला तो पृथ्वीचे क्षेत्र सुमारे दहा पृथ्वीत्रिज्यांवर, म्हणजे 65 हजार किलोमीटरांच्या आसपास थोपवून धरतो आणि रात्रीच्या बाजूला त्याला लांबलचक शेपटीसारखे ओढून नेतो. या पोकळीला चुंबकावरण म्हणतात. जोरदार धक्क्यात त्याची कड भूस्थिर उपग्रहांच्याही आत सरकते. कड आत दाबली गेली की जमिनीवरचे क्षेत्र एकाएकी वाढते. अलिबागच्या आलेखावर वादळाच्या आरंभी दिसणारी तीक्ष्ण उसळी ती हीच.

पण दाब म्हणजे वादळ नव्हे. खरी कळ दिशेत आहे, आणि या सगळ्या विषयाचा मर्मबिंदू तोच. सौरवारा सूर्याचे चुंबकीय क्षेत्र बरोबर घेऊन येतो. पृथ्वीपाशी ते एरवी पाच नॅनोटेस्लांच्या घरात, म्हणजे क्षुल्लक असते. चुंबकावरणाच्या पुढच्या कडेला पृथ्वीच्या क्षेत्ररेषा उत्तरेकडे असतात. येणारे क्षेत्रही उत्तरेकडे असेल तर वारा बहुतांशी घसरून जातो. ते दक्षिणेकडे असेल तर दोन विरुद्ध दिशांच्या रेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात. जेम्स डन्जी यांनी 1961 मध्ये मांडलेली ही पुनर्जोडणी म्हणजे चुंबकावरणाचे दार उघडणे. जोडलेल्या रेषांना वारा ध्रुवांवरून मागे ओढत नेतो, शेपटीत ऊर्जा साठत जाते आणि तिथे रेषा पुन्हा तुटून जुळताना ती पृथ्वीकडे फेकली जाते. म्हणून प्रचंड स्फोटातून निघालेला ढग उत्तरेकडचे क्षेत्र घेऊन आला तर फारसे काही घडत नाही, आणि मध्यम आकाराचा ढग तासन्‌तास दक्षिणेकडे रोख धरून राहिला तर मोठे वादळ उठते.

आत फेकलेले कण पृथ्वीच्या क्षेत्रात अडकतात. प्रोटॉन आणि इतर धनभारित कण पश्चिमेकडे सरकतात, इलेक्ट्रॉन पूर्वेकडे. भार विरुद्ध असल्याने दोन्हींचा मिळून पृथ्वीभोवती पश्चिमवाही वलयप्रवाह तयार होतो. त्याचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राला नेमके विरोधी. त्यामुळे विषुववृत्ताजवळच्या सर्व वेधशाळांत आडवा घटक एकदमच घटतो. होनोलुलू, सान हुआन, हर्मानस आणि काकिओका या चार ठिकाणच्या नोंदींवरून दर तासाची सरासरी घट काढतात. डीएसटी नावाचा हा निर्देशांक वादळाचे वजन सांगतो. उणे पन्नासपर्यंत वादळ किरकोळ, उणे अडीचशेच्या खाली गेले तर अत्यंत तीव्र. युलिउस बार्टेल्स यांचा शून्य ते नऊ असा केपी निर्देशांक मुख्यतः मध्यम आणि उच्च अक्षांशांवरची खळबळ सांगतो. वादळाच्या तीन अवस्था, म्हणजे आरंभीची उसळी, मुख्य घसरण आणि संथ सावरणे, विषुववृत्तापासून जरा दूरच्या कमी अक्षांशांवर सर्वांत स्वच्छ दिसतात. विषुववृत्ताचा आणि ध्रुवांचा वेगळा गोंगाट तिथे नसतो. मुंबई-अलिबागची जागा शास्त्रज्ञांना मोलाची वाटते ती या कारणाने.

सूर्याकडून येणारा उपद्रव मुख्यतः तीन प्रकारचा. पहिला सौरज्वालांचा. त्यांतील क्ष-किरण आणि अतिनील किरण आठ मिनिटांत पोहोचतात, दिवसाच्या बाजूचे आयनांबर, म्हणजे वरच्या वातावरणातील विद्युतभारित थर, दाट करतात आणि आलेखावर क्षणिक बाक उमटवून जातात. क्यूला 1859 मध्ये उमटलेला तो हाच. दुसरा प्रभामंडलातून सुटणाऱ्या द्रव्याच्या लोटांचा. अब्जावधी टन प्लाझ्मा आपल्या गुंडाळलेल्या क्षेत्रासह सुटतो आणि साधारण एक ते चार-पाच दिवसांत पृथ्वी गाठतो. सर्व महावादळे याच लोटांची. तिसरा प्रभामंडलातील विवरांतून वाहणाऱ्या वेगवान वाऱ्याचा. माउंडर यांची 27 दिवसांनी परतणारी वादळे या वाऱ्याचीच लेकरे. बार्टेल्स यांनी या वादळांचे उगमस्थान सूर्यावर कुठेच दिसत नाही म्हणून त्याला नुसते ‘एम’ अक्षर दिले होते. 1973-74 मध्ये स्कायलॅबवरून क्ष-किरणांत सूर्य पाहिला तेव्हा ते काळ्या विवरांच्या रूपात सापडले. डागांच्या बहराच्या वर्षांत लोटांचे राज्य असते. बहर ओसरताना विवरांचे वाढते. म्हणूनच डाग घटले तरी वादळे लगेच घटत नाहीत. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, संपातांच्या सुमारास, पृथ्वीच्या अक्षाची मांडणी दक्षिणमुखी क्षेत्राला अनुकूल असल्याने वादळे अधिक येतात.

रोजचा चढउतार मात्र वादळाशी नाते न ठेवता चालतो. सूर्यप्रकाशाने आयनांबर तापते, तिथली हवा वाहते, विद्युतभारित वायू पृथ्वीच्या क्षेत्रातून ओढला जातो आणि डायनॅमोप्रमाणे प्रवाह निर्माण होतो. चुंबकीय विषुववृत्तावर सुमारे 105 किलोमीटर उंचीवर हा प्रवाह अरुंद पट्ट्यात कमालीचा दाटतो. ही रेषा भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. थुंबा येथे 1963 मध्ये अग्निबाणांचे केंद्र उभारले ते हा झोत अभ्यासता यावा म्हणूनच. तिरुनेलवेलीच्या आडव्या घटकातून अलिबागचा वजा करायचा आणि उरेल तो विषुववृत्तीय झोत, ही भारतीय संशोधकांची रुळलेली रीत आहे. झोताच्या कक्षेबाहेरचे अलिबाग इथे तराजूच्या दुसऱ्या पारड्याचे काम करते.

नोंदींचे हे सातत्य आपोआप टिकलेले नाही. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार हे ठरले तेव्हा त्यांच्या प्रवाहांनी कुलाब्याची उपकरणे निकामी होणार हे स्पष्ट होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागची जागा निवडली. 1904 मध्ये तिथे काम सुरू झाले आणि 1906 पर्यंत दोन्हीकडे बरोबरीने वाचने घेतली, म्हणजे जुन्या-नव्या आकड्यांची गाठ पक्की बसावी. विजेच्या ट्राम 1907 मध्ये धावल्या. अलिबागच्या इमारतीसाठी चुंबकीय गुण नसलेला दगड वापरला. अशा जागी लोखंडाचा खिळादेखील चालत नाही. 1846 ते 1905 च्या नोंदींवरचा मूस यांचा ग्रंथ 1910 मध्ये प्रसिद्ध झाला आणि चॅपमनच्या पिढीने तो आधार म्हणून वापरला.

वादळाचे व्यवहारातील परिणाम फॅरेडेच्या नियमाने होतात. क्षेत्र झपाट्याने बदलले की जमिनीत विद्युतप्रवाह सुटतात आणि लांब तारा, नळवाहिन्या, लोहमार्ग त्यांना सोपी वाट देतात. 13 मार्च 1989 च्या पहाटे कॅनडाच्या क्युबेक प्रांतात हा प्रवाह वीजजाळ्यात घुसला. तिथला कठीण, विजेला विरोध करणारा खडक प्रवाहाला जमिनीत मुरू देत नाही. दीड मिनिटात सारे जाळे कोसळले, सुमारे 60 लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. त्या वेळी डीएसटी उणे 589 पर्यंत गेला. वरचे वातावरण तापून फुगते तेव्हा खालच्या कक्षेतील उपग्रहांना हवेचा विरोध वाढतो. फेब्रुवारी 2022 मध्ये वादळ मध्यमच होते, तरी नुकतेच सोडलेले 49 पैकी 38 स्टारलिंक उपग्रह खाली येऊन जळाले. भारतासारख्या कमी अक्षांशांत वीजजाळ्यांना धोका बराच कमी, पण उपग्रहांवरून ठिकाण ठरवणारी यंत्रणा आणि दूरसंपर्क यांना सुटका नाही.

भारतातून ध्रुवीय प्रकाश दिसणे अपवादात्मक, पण अशक्य नाही. 4 फेब्रुवारी 1872 च्या वादळात तो मुंबईतून दिसल्याची नोंद तेव्हाच्या वृत्तपत्रांत आहे, आणि मुंबई-एडन सागरी तारेवरही त्याच सुमारास व्यत्यय आला. 10-11 मे 2024 च्या वादळात डीएसटी उणे 400 च्या आसपास गेला, तेव्हा लडाखमधील हानले येथे क्षितिजावर गडद लाल आभा टिपली गेली. उंचावरील ऑक्सिजनचा हा रंग खालचा हिरवा पट्टा क्षितिजाआड गेला तरी दिसतो.

1859 च्या वादळाची खरी तीव्रता हा अजून वादाचा मुद्दा आहे. कुलाब्याचे 1600 नॅनोटेस्ला एकाच स्थानाचे, क्षणाचे वाचन आहे. डीएसटी मात्र चार ठिकाणांची तासाची सरासरी. तासाची सरासरी घेतली तर घट बरीच कमी भरते, उणे 900-1000 च्या घरात. शिवाय वलयप्रवाह इतक्या झटपट ओसरत नाही. म्हणून त्या खोल खड्ड्याचा मोठा वाटा आयनांबरातील किंवा क्षेत्ररेषांच्या बाजूने वाहणाऱ्या प्रवाहांचा असावा, असे एक मत आहे. कुलाबा तेव्हा दिवसाच्या बाजूला होते, हे या वादात लक्षात ठेवावे लागते. त्याहून मागचा इतिहास झाडांच्या वर्षवलयांत आणि ध्रुवीय बर्फात शोधला जातो. इसवी सन 774-775 मध्ये कार्बन-14 एकाएकी वाढल्याचे आढळते. सूर्याकडून आलेल्या कणांचा तो मारा आधुनिक उपकरणांनी पाहिलेल्या कोणत्याही माऱ्यापेक्षा कितीतरी मोठा होता.

सूर्याच्या बाबतीत भाकीत अजून अर्धवट आहे. लोट सुटला हे दुर्बिणीतून दिसते, तो केव्हा पोहोचेल याचा अंदाजही काही तासांच्या फरकाने बांधता येतो. पण त्याच्या पोटातील क्षेत्र उत्तरेकडे आहे की दक्षिणेकडे, हे तो जवळ येईपर्यंत ओळखता येत नाही. त्यासाठी पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने 15 लाख किलोमीटरांवरच्या एल-1 बिंदूभोवती याने पहारा देतात. भारताचे आदित्य एल-1 हे 2 सप्टेंबर 2023 रोजी निघून 6 जानेवारी 2024 रोजी तिथे पोहोचले. त्याचे चुंबकमापक येणाऱ्या क्षेत्राची दिशा मोजते. वाऱ्याचा वेग सेकंदाला 500 किलोमीटर असेल तर तेथून पृथ्वीपर्यंत 50 मिनिटे, 800 असेल तर अर्ध्या तासाहून थोडा अधिक. यानाजवळ क्षेत्र दक्षिणेकडे वळले, की तेवढ्याच अवधीत अलिबागचा आकडा खाली यायला लागतो.